करारावर एकच नाव

परदेशात स्वतः गाडी चालवत फिरायचं असेल, तर विमानातून उतरल्या उतरल्या गाडी हातात घेऊ नये. एक झोप काढावी आणि मग किल्ली मागावी. किल्ली मिळाली की गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारावी, चारी बाजूंचे फोटो काढावेत, आणि काउंटरवरचा माणूस कितीही गोड हसला तरी जुने ओरखडे कागदावर चढल्याशिवाय सही करू नये. डिकी उघडून स्टेपनी आहे का ते बघावं. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचावं. डिझेलच्या गाडीत पेट्रोल ओतून रस्त्याच्या कडेला कपाळाला हात लावून बसलेली शहाणी माणसं काही कमी नाहीत. शेजारच्या सीटवर बसणाऱ्यानं झोपायचं नाही. आणि करारावर दुसऱ्या चालकाचं नाव घालायचंच, कारण सगळ्यांचा प्रवास एकाच माणसाच्या भरवशावर टांगून ठेवू नये.

हे सगळं करड्या पुठ्ठ्याच्या एका वहीत लिहिलेलं आहे. लिहिणारी बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते, सव्वीस वर्षं शिकवते आहे. गंमत अशी, की वहीची एकेचाळीस पानं भरली तोवर ती स्वतः एकदाही देशाबाहेर गेलेली नव्हती.

शिकायला येणारे तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंग धरून घामाघूम झालेला, आणि ती डावीकडे, त्या ब्रेकवर पाय टेकवून. समोरून सायकल येते आहे हे नवख्याच्या लक्षात येण्याआधी तिचा पाय दाबलेला असतो. ही खोड अंगात इतकी मुरली आहे, की दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसली तरी तिचा पाय मोकळ्या पत्र्यावर दाबत राहतो. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतसुद्धा तिनं एकदा ब्रेक मारला होता.

स्कूलचं ऑफिस म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. दोन टेबलं, एक पाय आखूड असलेली खुर्ची आणि तिच्याखाली घडी करून सरकवलेला जुना फॉर्म. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, उन्हानं त्यातला लाल रंग गुलाबी झालेला. दर शनिवारी दुपारी या खोलीत परदेशी निघालेली माणसं येऊन बसत. सुरुवात एका जुन्या विद्यार्थ्यापासून झाली. तो फिरून आला तो तीन दंडाची पत्रं घेऊन, आणि हिनं त्याला समोर बसवून नेमकं काय घडलं ते खोदून खोदून विचारलं. तेव्हापासून नियम ठरला. सल्ला फुकट, पण परत आल्यावर तीन गोष्टी सांगायच्या: काय चुकलं, काय माहीत नव्हतं, आणि पुन्हा काय करणार नाही. कुणी डोंगर किती सुंदर होता हे सांगायला लागलं की ती पेन खाली ठेवायची. “डोंगर राहू दे. घाटात गिअर कुठला होता?”

अशी ती वही जमली. दुसऱ्यांच्या चुकांवर कमावलेली, म्हणून ती तिला खरी वाटायची. रस्त्याची बाजू उलटी असेल तिथं सर्कलमध्ये शिरताना आधी डावीकडे बघायचं. बोगद्यात शिरण्याआधी काळा चष्मा काढायचा. वळणावळणाला शेजारच्यानं मोठ्यानं म्हणायचं, ‘उजवीकडे राहा’. अकराव्या पानावर एकच ओळ होती: राग आला असेल तर किल्ली खिशात ठेवा, आधी काहीतरी खा.

तिचं घरचं माणूस म्हणजे एक भाऊ. वडील आधीच गेले होते. आई गेली तेव्हा ही एकोणीस वर्षांची आणि तो नऊ. कॉलेजवर पाणी सोडून ती या स्कूलमध्ये फॉर्म भरायला लागली, मग पाच वर्षांनी गाडीत बसली. त्याचे डबे, त्याच्या शाळेतल्या मारामाऱ्या, त्याचा गोवर, त्याची दहावी, सगळं हिच्या अंगावरून गेलं. लग्नाचं एकदा जमत आलं होतं, पण भाऊ सोबत राहील म्हटल्यावर समोरच्यांचा आवाज बदलला, आणि हिनं तो विषय तिथंच मिटवला. हे ती कधी बोलत नाही, म्हणून आपण बोलून ठेवलं. भावाला गाडीही तिनंच शिकवली. तो दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाला आणि त्यानंतर शक्यतो स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं त्यानं ठरवून टाकलं.

आता तो चाळिशीचा, फर्निचरच्या मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर, बायको आणि एक मुलगी. दूर राहायचा, पण महिन्यातून एकदा यायचा. एका शनिवारी तो ऑफिसमध्ये आला आणि तिच्या वहीवर विमानाची तिकिटं ठेवली.

“ताई, पुरे झाली तुझी वही. चल आता.”

तिला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. आठ दिवस, गाडीनं, डोंगर आणि तळी. त्याच्या कंपनीचे मोठे साहेब आणि त्यांची बायको सोबत असणार, मुलीची परीक्षा म्हणून याची बायको घरी राहणार. गाडी ताई चालवणार, दुसरं कोण चालवणार?

“मी त्या मोठ्या लोकांत काय करू?”

“तू माझी ताई आहेस, अजून काय करायचंय?”

हे वाक्य तिनं किती दिवस तोंडात घोळवलं म्हणून सांगू. शिकणारे गिअर चुकवत होते आणि ब्रेकबाई हसत होती. पुढचे दोन महिने दर रविवारी ती त्याच्या घरी गेली. जेवणाच्या टेबलावर काडेपेट्यांचे रस्ते मांडले, मधे वाटी पालथी घालून सर्कल केलं, आणि रिकामी पिवळी पेटी सरकवत भावाला शेजारच्या सीटचं काम शिकवलं. वाटीपाशी पेटी आली की त्यानं म्हणायचं, “ताई, आधी डावीकडे बघ. उजवीकडे राहा.” तो हसत हसत म्हणायचा. एकदा त्यानं झोपेच्या घोरण्याचा आवाज काढला आणि तिनं त्याच्या हातावर चापट मारली. लहानपणी गृहपाठाला बसवायची तेव्हासारखंच सगळं झालं होतं. तिनं प्रवासासाठी एक लाल स्वेटर घेतला. तो म्हणाला, “आपला तो निळा कोट घे ना, स्कूलचा, बिल्ल्याचा. त्यात तू एकदम बरी दिसतेस.” तिनं दोन्ही घेतले.

दोघं साहेबांच्या दोन दिवस आधी पोचली. हिनं नियमाप्रमाणे झोप काढली, सकाळी गाड्या भाड्यानं देणाऱ्या ऑफिसात गेली. चक्कर मारली, एकोणीस फोटो काढले, मागच्या दारावरचा पोचा लिहून घेतला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, दुसऱ्या चालकाचं नाव?

“ह्याचं घाला,” ब्रेकबाई म्हणाली.

“कशाला,” भाऊ म्हणाला. “मी आंतरराष्ट्रीय परवाना काढलाच नाही.”

“मी तीनदा आठवण करून दिली होती.”

“तू आहेस ना.”

तिनं पिशवीतल्या वहीवर हात ठेवला, कारण हा वहीतलाच नियम होता आणि तो तिच्याच भावानं मोडला होता. पण ‘तू आहेस ना’ म्हटल्यावर ती विरघळली. करारावर एकच नाव चढलं, तिचं.

तिथं स्टिअरिंग डावीकडे. सव्वीस वर्षं डावीकडेच बसत आल्यामुळे हे आपल्याला सोपं जाणार असं तिला वाटलं होतं. पहिल्याच सिग्नलला डावा हात गिअर शोधायला गेला आणि दारावर आपटला. भाऊ शेजारी होता, मनापासून हसला, आणि पुढच्या सर्कलला मोठ्यानं म्हणाला, “ताई, उजवीकडे राहा.” आयुष्यातला चांगला दिवस कुठला असं तिला त्या दुपारी कुणी विचारलं असतं तर तिनं घड्याळात बघून वेळसुद्धा सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी साहेबांना आणायला दोघं विमानतळावर गेली. भाऊ म्हणाला, “तू गाडी दाराशी घेऊन ये, मी आत जाऊन भेटतो.” ती गाडी घेऊन दाराशी आली. निळा कोट घातलेला. साहेब ठेंगणे, हसरे. त्यांच्या बायकोनं, मॅडमनं, हसून हातातली पर्स आणि कोट तिच्याकडे दिले. हिला वाटलं, किती मोकळ्या स्वभावाच्या. तिनं ते नीट डिकीत ठेवले. साहेब म्हणाले मला पुढं बसायला आवडतं, आणि पुढं बसून दहा मिनिटांत घोरायला लागले. भाऊ मागं मॅडमशी गप्पा मारत होता. सर्कलं आली आणि गेली. मागून कुणी काही म्हणालं नाही. ब्रेकबाई स्वतःशीच पुटपुटत राहिली, उजवीकडे, उजवीकडे.

हॉटेलात तिची खोली तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी होती. इतरांच्या तिसऱ्या मजल्यावर, तळ्याकडे तोंड करून. तिला वाटलं, उशिरा बुकिंग केलं असणार, जे उरलं ते यानं आपल्यासाठी ठेवलं, पाहुण्यांना कसं देणार. संध्याकाळी तो दारात आला. “दमली असशील. जेवण इथंच पाठवतो, पाय वर करून बस.” किती काळजी घेतो, असं तिला वाटलं. सूप आणि पाव खाऊन ती वहीत लिहीत बसली: विमानतळाबाहेरची तिसरी लेन अचानक संपते.

तिच्यावर हसू नका. जिनं रोज सहा तास समोरच्याची पुढची चूक ओळखायची, तिला आपल्या माणसाची चाल दिसू नये हे विचित्र वाटतं खरं, पण घरच्या माणसाकडे त्या नजरेनं बघायची सवय कुणाला असते. एक गोष्ट मात्र तिला टोचली होती. साहेब आल्यापासून भावानं तिला हाक मारली नव्हती. काही हवं असलं की तो नुसताच म्हणायचा, “जरा पुढं घेता का”, “इथं थांबाल का”. लोकांसमोर मान देतोय, असं तिनं मनाला सांगितलं. पण त्या मानात ताई कुठं गेली, हे काही तिला कळेना.

साहेब आल्याच्या चौथ्या दिवशी ते घाटाच्या माथ्यावर थांबले. साहेब आणि भाऊ धबधबा बघायला पायऱ्या उतरून गेले. मॅडमचा गुडघा दुखत होता, त्या गाडीतच बसल्या. दोघीच. मॅडमनी पिशवीतून बिस्किटं काढून पुढं केली.

“किती छान चालवता हो तुम्ही. मला घाटात नेहमी मळमळतं, आज काही नाही. किती वर्षं आहात यांच्याकडे?”

ब्रेकबाईला प्रश्न नीट समजला नाही. तिनं खरं तेच सांगितलं. “तो नऊ वर्षांचा होता तेव्हापासून.”

“अरे वा, म्हणजे लहानपणापासूनची ओळख. म्हणूनच ते म्हणाले, ड्रायव्हर आहेत, पण अगदी घरच्यासारख्या.” मॅडमनी एक बिस्किट स्वतः घेतलं. “त्यांचं तरी कोण आहे हो. आई लहानपणी गेली, ना भाऊ ना बहीण. सगळं एकट्यानं केलं त्यांनी. आमचे हे तर सगळ्यांना सांगत असतात, याच्यामागे कोणी नव्हतं, शिका जरा. बरं झालं, तुमच्यासारखं माणूस मिळालं त्यांना.”

बिस्किट ब्रेकबाईच्या हातात होतं. ते तिनं खाल्लं, कारण हातात होतं. मॅडम वाईट नव्हत्या, त्या मनापासून बोलत होत्या, आणि म्हणूनच प्रत्येक शब्द नीट पोचत होता. ड्रायव्हर म्हटल्याचं तिला तेवढं लागलं नाही. ड्रायव्हर ती आहेच, त्यावर पोट आहे, आणि तिनं शेकडो ड्रायव्हर घडवलेत. पण ना भाऊ ना बहीण. गोवराच्या तापात तो रात्रभर जिचा हात सोडत नव्हता, ती कोण होती मग? त्यानं तिला नुसतं लपवलं नव्हतं. पुसून टाकलं होतं, मुळापासून, आणि त्या कोऱ्या जागेवर स्वतःचं कौतुक लिहून घेतलं होतं.

“मी जरा येते,” ती म्हणाली आणि उतरली. पार्किंगच्या टोकाला कठड्यापाशी उभी राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिनं निळ्या कोटाच्या बाहीनं पुसलं, आणि मग त्या बाहीकडे बघून तिला निळ्या कोटाचंही कोडं सुटलं: तो ड्रायव्हरचा गणवेश म्हणून हवा होता. पुढं सात बोगदे आणि उताराचा घाट होता. तिनं किल्ली खिशात ठेवली आणि टपरीवरून चीज घातलेला पाव घेतला. अकरावं पान तिनंच लिहिलं होतं. तिनं तो पाव शेवटपर्यंत खाल्ला. मगच गाडीत बसली, आणि सातही बोगदे एकही धक्का न देता पार केले.

खाली उतरल्यावर ती पेट्रोल भरायला थांबली. साहेब आणि मॅडम कॉफी प्यायला आत गेले. भाऊ त्यांच्यामागं निघाला होता, तिनं त्याला नावानं हाक मारून थांबवलं.

“मी तुझी कोण?”

“असं काय विचारतेस?”

“मॅडमना सांगितलंस ना, ना भाऊ ना बहीण.”

त्यानं काचेतून आत बघून घेतलं. मग दबक्या आवाजात म्हणाला, “ताई, ते फार जुनं आहे गं. मुलाखतीत बोलून गेलो होतो. साहेबांना ते इतकं आवडलं, की जिथं तिथं तेच सांगतात. आता मधेच बहीण कुठून आणू?”

“आणायला कुठं जायचंय? ही काय उभी आहे.”

“परत गेल्यावर ते मला भागीदार करून घेणार आहेत. आता सांगितलं तर काय वाटेल त्यांना? आठ वर्षं खोटं बोलत होतो असंच ना? आणि त्यांना मी ड्रायव्हरसकट गाडी म्हणून सांगितलं होतं. तुझं काय बिघडलं त्यात? फिरायला मिळालं ना तुला?”

“फिरायला आणलंस, की गाडी चालवायला?”

“तुझ्यासाठी दोन्ही एकच नाही का?”

पंपाचे आकडे थांबले होते. तिनं नळी जागेवर अडकवली, झाकण लावलं, तीनदा टक् असा आवाज येईपर्यंत फिरवलं. तिला त्याला फाडकन थोबाडीत द्यावीशी वाटली. पण तो नऊ वर्षांचा असतानाही तिनं त्याला कधी मारलं नव्हतं.

“उद्या सकाळी नाश्त्याला मी तुमच्या टेबलावर येईन,” ती म्हणाली. “ही माझी बहीण, एवढंच म्हण. एक वाक्य. पुढचं मी सांभाळते. वाटल्यास सांगते, मीच म्हटलं होतं कुणाला बोलू नकोस म्हणून. खोटं माझ्या नावावर घाल. पण मला बहीण म्हण.”

तो बुटाच्या टोकानं जमीन उकरत राहिला.

“बघतो,” तो म्हणाला.

लहानपणी तो बघतो म्हणाला की ते काम व्हायचं. तेवढ्यावर ती त्या संध्याकाळी जेवली आणि झोपलीही.

सकाळी तिनं लाल स्वेटर घातला. पहिल्यांदाच. केस विंचरले, आरशात दोनदा बघितलं, आणि नाश्त्याच्या खोलीत गेली. खिडकीशी चौघांचं टेबल. तिघं बसले होते, चौथ्या खुर्चीवर मॅडमची पर्स होती. हिला येताना पाहून साहेब म्हणाले, “अरे, निघायची वेळ झाली वाटतं.” मॅडमनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

“बसा ना. आमच्याबरोबर कॉफी घ्या आज. स्वेटर छान आहे.”

खुर्ची रिकामी झाली. यापेक्षा सोपं करून कुणी काय देणार होतं? ब्रेकबाईनं भावाकडे बघितलं. त्याच्या हातात अर्धं अंडं लावलेला पाव होता. तो त्यानं बशीत ठेवला, नॅपकिननं तोंड पुसलं, साहेबांकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे न बघता तिच्या स्वेटरकडे बघत तो बोलला.

“नको, नको, त्यांचं खाऊन झालं असेल. तुम्ही गाडी काढा. आम्ही आलोच दहा मिनिटांत.”

काल जे कळलं होतं ते त्यानं तिच्या पाठीमागं केलं होतं, आठ वर्षांपूर्वी सुरू झालेलं. भीतीपोटी, म्हणता आलं असतं. हे मात्र त्यानं तिच्या तोंडावर केलं होतं, भरल्या पोटी, दिवसाढवळ्या, आणि वाक्य हातात तयार दिलेलं असताना.

“बरं,” ती म्हणाली.

तिघांच्या बॅगा दरवाजाशी आणून ठेवलेल्या होत्या, गाडीत चढवायला. तिनं त्या चढवल्या नाहीत. भिंतीलगत एका ओळीत लावल्या, मॅडमची छोटी पिशवी वर ठेवली. मग वहीचं अडतिसावं पान फाडलं. गाडी बंद पडली तर काय करायचं, याची सोय ती प्रत्येक मुक्कामासाठी आधीच लिहून ठेवायची. हॉटेलच्या कोपऱ्यावरून दर अर्ध्या तासाला स्टेशनची बस, तिथून विमानतळाच्या शहराकडे दिवसातून पाच गाड्या, त्यांच्या वेळा. ते पान तिनं भावाच्या बॅगेच्या पट्ट्यात खोचलं. कुणाला रस्त्यावर टाकून जायची रीत तिची नाही. निळा कोट मात्र तिनं घडी करून त्याच बॅगेवर ठेवला, बिल्ला वर येईल असा.

मग ती गाडीभोवती एक चक्कर फिरली, आत बसली, आरसे बघितले, पट्टा लावला. आवारातून बाहेर पडताना फाटकापाशी जमिनीवर पांढरी आडवी रेघ होती. अशा रेघेवर रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबवायची. ती थांबली.

मागून धावत येणारी पावलं ऐकू आली.

“ताई! ताई, थांब!”

इतक्या मोठ्यानं, की पायरीवर कप हातात घेऊन उभ्या राहिलेल्या मॅडम चमकल्या. त्यांच्यामागं साहेब, नॅपकिन अजून गळ्याशी. साहेबांसमोरच्या ज्या हाकेसाठी चार दिवस तिनं कान टवकारले होते, ती सगळ्या आवारात घुमली. ती गाडी आपल्यासाठीच थांबली असं त्याला वाटलं असणार. तो धापा टाकत खिडकीशी आला आणि दोन्ही हातांनी दार धरलं.

तिनं काच खाली केली. तिचं काळीज अजूनही वेडं होतं, तेही सांगायला हवं. आता काय म्हणतो म्हणून ती थांबली. चुकलं म्हणाला असता तर तिनं गाडी बंद केली असती.

“ताई, असं काय करतेस?” तो म्हणाला. “गाडी कोण चालवणार आता? करारावर माझं नावसुद्धा नाहीये.”

पायरीवर साहेबांनी मॅडमना विचारलं, “ताई म्हणाला का तो?” मॅडम लाल स्वेटरकडे बघत होत्या.

“हात काढ,” ब्रेकबाई म्हणाली. नवशिक्याला सांगते त्या आवाजात, न रागावता. त्यानं हात काढले. त्याची बोटं दारापासून सुटलेली बघून घेईपर्यंत तिनं ब्रेकवरचा पाय हलवला नाही.

मग तिनं आधी डावीकडे बघितलं. मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. रस्ता मोकळा होता. तिच्या उजव्या हाताला, जिथं सव्वीस वर्षं कुणी ना कुणी शिकणारं बसत आलं होतं, ती सीट रिकामी होती.

“उजवीकडे राहा,” ती स्वतःलाच म्हणाली, आणि गाडी रस्त्यावर घेतली.